सर विश्वेश्वरय्या : कारखाना आणि सभागृह

वाचकहो, म्हैसूरच्या चंदनी साबणाची अंडाकृती वडी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कधी ना कधी आली असेल. पाहुणे यायचे असले की ती बाहेर काढावयाची आणि एरवी कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवावयाची, अशी आमच्या घरची रीत होती. वेष्टनावर सिंहाचे धड व हत्तीचे मस्तक असलेला शरभ नावाचा प्राणी असतो. हा साबण काढणारा कारखाना कोणा शेटजींचा नाही. तो सरकारचा आहे, आणि पहिल्या दिवसापासून सरकारचाच होता. ज्यांनी तो उभा करविला ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या अभियंते म्हणून आपणांस ठाऊक आहेत. त्यांची धरणे व त्यांचे दरवाजे शालेय पुस्तकांतून आपण वाचले आहेत. आज मी त्यांच्याविषयी एक निराळीच गोष्ट आपल्यापुढे ठेवू इच्छितो. प्रजेचे राजकीय स्वातंत्र्य आणि भांडवलावर चालणारी अर्थव्यवस्था ह्यांचे नाते काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुनःपुन्हा उभा राहिला, आणि एका प्रसंगी त्याने त्यांच्याकडून दिवाणपदाची किंमत घेतली.

त्यांचा जन्म १८६० साली, बंगळूरच्या उत्तरेस चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी ह्या खेड्यात, तेलुगूभाषक ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील संस्कृतचे जाणकार होते. ते मुलाच्या लहानपणीच वारले. बंगळूरला मामांच्या आश्रयाने व शिकवण्या करून ह्या मुलाने शिक्षण पुरे केले. त्यातील काही वर्षे तो वेस्लियन मिशनच्या शाळेत होता. पुढे सेंट्रल कॉलेजातून पदवी मिळाली आणि म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन त्याला पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकावयास पाठविले. १८८३ साली तेथल्या परीक्षेत तो पहिला आला आणि मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याने त्याला लागलीच नोकरी दिली. पहिली नेमणूक नाशिकला झाली, नंतर खानदेशात धुळ्याकडे. अशा रीतीने म्हैसूरच्या पैशाने शिकलेला हा तरुण पुढली पंचवीस वर्षे आपल्या मुलखात राहिला.

खडकवासल्याच्या तलावावर १९०३ मध्ये त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे सर्वांना माहीत आहेत. पूर आला की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. त्या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले. परंतु सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामावर स्वामित्वशुल्क घेणे त्यांना योग्य वाटले नाही. आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचे पुण्यातील दुसरे शिक्षण अधिक महत्त्वाचे आहे. ते शिक्षण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या सहवासात झाले. रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. त्यापूर्वी दोन वर्षे पुण्यात पश्चिम हिंदुस्थानची औद्योगिक संस्था त्यांच्या प्रेरणेने निघाली होती. राज्यकारभारात लोकांचा शब्द चालावा, छापखाना मोकळा असावा, स्त्रियांना शिकता यावे, ह्या बाबतीत रानडे पूर्ण उदारमतवादी होते. परंतु सरकारने व्यापार-उद्योगात हात घालू नये, बाजार आपला आपण पाहून घेईल, हे इंग्लंडात वेदवाक्य मानले गेलेले तत्त्व त्यांनी स्वीकारले नाही. ज्या देशात भांडवल नाही, पेढ्या नाहीत आणि कारागीर उघडे पडून शेतीकडे लोटले जात आहेत, तेथे सरकारनेच उद्योगाला बोट धरून चालविले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे इंग्रज उदारमतवाद्यांनी जी दोन तत्त्वे एका गाठीत बांधली होती, ती रानड्यांनी सोडविली. राजकीय स्वातंत्र्य पाहिजेच. बाजाराचे स्वातंत्र्य मात्र देशकाल पाहून. विश्वेश्वरय्या ह्यांनी हा धडा मनात ठेवला. १८९८ मध्ये ते स्वतः जपानला जाऊन आले. सरकारच्या हाताने एक पौर्वात्य राष्ट्र कारखानदार कसे होते, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

येथे, वाचकहो, शब्दांच्या व्यवसायात हयात घालविलेल्या माणसाला थोडे विषयांतर करू द्यावे. आपल्या भाषेत उदार म्हणजे दाता, सढळ हाताचा. इंग्रजी राजकारणातील एका पक्षाच्या मताला आपल्या पूर्वजांनी उदारमत हे नाव दिले, आणि स्वातंत्र्याची कल्पना नकळत दानाच्या कल्पनेशी जोडली गेली. १९९१ नंतर बाजार खुले करण्याच्या धोरणालाही आपण उदारीकरण म्हणू लागलो, आणि खाजगीकरण व जागतिकीकरण ह्यांच्यासह त्याचे खाउजा असे चमत्कारिक लघुरूप वर्तमानपत्रांतून रूढ झाले. एकच शब्द नागरिकाच्या हक्काला आणि व्यापाऱ्याच्या मोकळिकीला. त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच आहेत असे वाचणाऱ्यास वाटते. अनुवादकाला असा शब्द पडताळून घ्यावा लागतो : येथे कोणी काही देत आहे, की कोणाचे काही मुळातच आहे? म्हैसूर संस्थानाचा इतिहास मी ह्याच प्रश्नाने वाचत आलो आहे.

१८८१ साली इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वडियार घराण्यास परत केले आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू ह्यांनी तेथे प्रातिनिधिक सभा भरविली. ७ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या सुमारास, राज्यभरातून १४४ प्रतिनिधी म्हैसूर नगरीत जमले. देशी संस्थानांत अशी सभा त्यापूर्वी भरली नव्हती. पण ती कोणाची होती? जमीनदारांची व व्यापाऱ्यांची. १८९१ पासून निवडणुकीचे तत्त्व आले, तरी मत देण्याचा अधिकार पुरेसा सारा भरणारे, व्यापारी आणि पदवीधर एवढ्यांपुरताच राहिला. सभेने दिवाणांचे भाषण ऐकावे, गाऱ्हाणी मांडावी आणि घरी जावे. ठराव करून कारभार बदलण्याची सत्ता तिला नव्हती. दरवर्षी दसऱ्यास राजेसाहेबांचा हत्ती पाहावयास आलेल्या गर्दीत हे प्रतिनिधीही असत. दान मोठे होते, ह्यात शंका नाही. तथापि ते दान होते. ज्याच्यापाशी मालमत्ता त्याच्यापाशी आवाज, हा पाश्चात्त्य उदारमतवादाचा जुना नियम म्हैसूरने जसाच्या तसा उचलला होता.

१९०९ च्या अखेरीस महाराज नालवडी कृष्णराज वडियार ह्यांनी विश्वेश्वरय्या ह्यांना मुख्य अभियंता म्हणून बोलावून घेतले. १९१२ च्या नोव्हेंबरात त्यांना दिवाण केले. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना जेवावयास बोलाविले आणि माझ्याकडे कोणीही शिफारस घेऊन येणार नाही असे वचन द्याल तरच हे पद घेतो, असे त्यांना सांगितले, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. पुढील सहा वर्षांत त्या माणसाने काय काय केले, ते वाचताना धाप लागते. आर्थिक परिषद त्यांच्याच पुढाकाराने १९११ मध्ये सुरू झाली होती. १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली. शंभरावर वर्षे चालून ती २०१७ साली स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. एखाद्या देशी संस्थानात विद्यापीठ स्थापन होण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्याच वर्षी व्यापारी मंडळाची स्थापना झाली. कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले होते, ते त्यांच्या निवृत्तीनंतरही वर्षानुवर्षे चालले. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची सिद्धता झाली. गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात फेटाळले गेले होते. त्या धर्तीचा कायदा म्हैसूरने १९१३ मध्ये केला.

आता त्या साबणाकडे वळू. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूरचे चंदन जर्मनीला जाई आणि तेथे त्याचे तेल काढले जाई. १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि लाकूड पडून राहिले. दिवाणांनी तेल राज्यातच काढावयाचे ठरविले. १९१६ साली बंगळूरला आणि पुढल्या वर्षी म्हैसूरला तेलाचा कारखाना उभा राहिला. त्यापाठोपाठ १९१८ च्या सुमारास साबण बाजारात आला. उद्योजकतेचा हा नमुना कोणत्याही भांडवलदाराने हेवा करावा असा आहे. कच्चा माल घरचा, बाजारपेठ जगाची आणि स्पर्धक युद्धाने दूर केलेला.

परंतु कच्चा माल घरचा होता म्हणजे नेमका कोणाच्या घरचा? टिपू सुलतानाच्या काळापासून म्हैसुरात चंदन हा राजवृक्ष होता. झाड सरकारी रानात उगवो की शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्यावर हक्क सरकारचा. जमीन आपली, सारा आपण भरावयाचा, पण बांधावर आपोआप वाढलेले चंदन तोडले तर आपण चोर! रानडे व विश्वेश्वरय्या ज्या विद्येत वाढले, तीत खाजगी मालमत्तेचे रक्षण हा स्वातंत्र्याचा पाया मानला जाई. येथे मात्र भांडवलाचा कारखाना उभा राहिला तो लहान शेतकऱ्याची मालमत्ता मान्य न करण्याच्या पायावर. हा नियम विश्वेश्वरय्यांनी केला नव्हता. त्यांना तो वारशाने मिळाला. पण त्यावर त्यांनी इमारत चढविली. मला वाटते, मुक्त बाजार आणि मुक्त माणूस एकत्रच येतात असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ह्या एका झाडाचा विचार अवश्य करावा.

सोन्याची गोष्ट फारशी निराळी नाही. कोलारच्या खाणी लंडनच्या जॉन टेलर आणि कंपनीच्या व्यवस्थेखाली होत्या. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ मध्ये वीज तयार होऊ लागली, ती प्रथम सुमारे १४७ किलोमीटर लांब ह्या खाणींकडे गेली. बंगळूर शहरात दिवे लागले ते १९०५ मध्ये. कृष्णराजसागर बांधण्यामागे खाणींना अखंड वीज मिळावी हाही एक मोठा हेतू होता. खाणींच्या स्वामित्वशुल्काने संस्थानचा खजिना भरे. जमिनीखाली उतरणारे मजूर बहुतेक तमिळ मुलखातील दलित होते, आणि त्यांतील पुष्कळ आपल्याच धर्माचे. कोणत्याही सभागृहात त्यांचे मत नव्हते. १९३० साली प्रत्येक मजुराच्या बोटांचे ठसे घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी खाणी बंद पाडल्या. मालमत्ता नसलेल्या माणसाला बोलावयाचे असले तर त्याच्यापाशी संप हे एकच भाषण होते.

ह्यावरून विश्वेश्वरय्यांना राजकीय सुधारणांची पर्वा नव्हती असे कोणी समजू नये. त्यांनी विधिमंडळाची सभासदसंख्या वाढविली, सभासदांना प्रश्न विचारण्याचा व अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकार दिला आणि प्रातिनिधिक सभेची वर्षातून दुसरी बैठक सुरू केली. सरकारी शाळांत अस्पृश्य मुलांना प्रवेश मिळावा असा हुकूम त्यांच्याच अमदानीत निघाला आणि त्यापायी काही ठिकाणी रोषही ओढवून घेतला गेला. तथापि पूर्वीचे दिवाण व्ही. पी. माधवराव, जे तंजावरच्या मराठी परंपरेतले होते, त्यांनी १९०८ मध्ये वृत्तपत्रांवर घातलेला कडक कायदा विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत पुस्तकातून पुसला गेला नाही. लोकांना शिकवावे, काम द्यावे, संपत्ती वाढवावी; सत्ता मागाहून येईल, असा त्यांचा क्रम होता. लोक तो क्रम मान्य करतील असे त्यांनी गृहीत धरले होते.

लोकांनी तो मान्य केला नाही. १९१७ मध्ये म्हैसुरातील ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी प्रजामित्र मंडळी ही संस्था काढली, आणि पुढल्या वर्षी त्यांचे शिष्टमंडळ महाराजांना भेटले. लोकसंख्येत शेकडा चारही नसलेल्या ब्राह्मण समाजाकडे वरिष्ठ सरकारी पदांचा फार मोठा भाग होता. विद्यापीठ, बँक, कारखाने, नवी खाती ह्यांतून जी नवी पदे निर्माण होत होती, ती कोणाकडे जाणार हा त्यांचा प्रश्न होता. महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे उत्तर शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने दिले होते. कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. म्हैसूरच्या महाराजांनी १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश सर लेस्ली मिलर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

विश्वेश्वरय्यांना हे पटले नाही. मागासलेल्या वर्गांना शिष्यवृत्त्या द्या, शाळा द्या, वसतिगृहे द्या, असे त्यांचे म्हणणे होते, आणि शिष्यवृत्त्या त्यांनी दिल्याही होत्या. पण पद मात्र गुणवत्तेवरच मिळाले पाहिजे, नाही तर कारभार व उद्योग दोन्ही बिघडतील, ही त्यांची श्रद्धा. स्पर्धेत जो पुढे येईल तो घ्यावा : बाजारातही आणि कचेरीतही. त्यांच्या मनात उदारमत आणि भांडवलशाही ह्यांची गाठ येथे पडली होती. त्यांनी दिवाणगिरी सोडली. राजीनामा द्यावयास ते सरकारी मोटारीने गेले आणि परतताना स्वतःच्या मोटारीने आले, असे सांगतात.

वाचकहो, ह्या प्रसंगी न्याय कोणाच्या बाजूस होता, हे मी पुष्कळदा मनाशी तोलून पाहिले आहे. बाणेदारपणा विश्वेश्वरय्यांचा होता. पण शिष्यवृत्तीचा मुलगा पदवीपर्यंत पोहोचण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात आणि तोवर सर्व खुर्च्या भरलेल्या असतात, हे ज्याला खुर्ची नाही त्यालाच नीट दिसते. स्वतः ते शिष्यवृत्तीवर शिकले, हे खरे; परंतु ती शिष्यवृत्ती हाती येण्यापूर्वी त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्यांची विद्या होती, आणि ते भांडवलच होते. भांडवल ह्या आपल्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या भांड ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ व्यापाऱ्याचा माल, गाठीला असलेली चीजवस्तू. ज्याच्या गाठीला काहीच नाही त्याला बाजार खुला आहे असे सांगून काय उपयोग? दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की मिलर समितीच्या शिफारशीनुसार पुढे जे हुकूम निघाले, त्यांनी सात वर्षांत वरच्या जागांपैकी निम्म्या व खालच्या जागांपैकी दोन-तृतीयांश जागा ब्राह्मणेतरांकडे जाव्यात असे ठरले. आणि हा निर्णय कोणत्याही सभागृहाच्या मताने झाला नाही. तो महाराजांनी दिला. समतादेखील दान म्हणूनच आली.

त्यानंतर विश्वेश्वरय्या आणखी त्रेचाळीस वर्षे जगले. १९२२ च्या जानेवारीत मुंबईत सर्वपक्षीय परिषद भरली आणि शंकरन नायर अध्यक्षपद सोडून निघून गेले, तेव्हा ते आसन ह्यांनी सांभाळले. १९२३ पासून काही वर्षे तोट्यात चाललेल्या भद्रावतीच्या कारखान्याचे अध्यक्षपद घेतले. टाटांच्या पोलाद कंपनीचे ते संचालक होते. १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी ग्रंथ लिहिला. नियोजनाविषयी इतक्या विस्ताराने लिहिणारे ते पहिल्या काही भारतीयांतले. मोटारींचा कारखाना बंगळूरला काढावा म्हणून सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या साहाय्याने त्यांनी खटपट केली; म्हैसूर दरबार मदतीस तयार झाला, पण इंग्रज सरकारची अनुकूलता नव्हती आणि ती योजना बारगळली. वालचंदांचा मोटारींचा कारखाना शेवटी मुंबईस कुर्ल्याला निघाला. देश पारतंत्र्यात असला तर कारखानदारही स्वतंत्र नसतो, हे विश्वेश्वरय्यांना ह्या एका फायलीने जितके शिकविले असेल तितके कोणत्याही राजकीय सभेने शिकविले नसेल.

आणि १९३८ साल आले. कृष्णराजसागराचे पाणी मंड्या भागात पोहोचले होते. ऊस डोलू लागला होता. १९३३ मध्ये मंड्याला साखरेची कंपनी निघाली होती. त्याच भागात मद्दूरजवळच्या शिवपूर येथे एप्रिल १९३८ मध्ये बंदी मोडून तिरंगा फडकविण्यात आला आणि प्रजेला जबाबदार राज्यपद्धती द्यावी अशी मागणी झाली. त्याच महिन्यात २५ तारखेस विदुराश्वत्थ येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन अनेक माणसे मेली. हे ठिकाण विश्वेश्वरय्यांच्या जन्मगावापासून फार दूर नाही. पोटाला अन्न आणि शेताला पाणी मिळाल्यावर लोक स्वस्थ बसतील असा ज्यांचा हिशेब होता, तो चुकला. किंवा असेही म्हणता येईल की दिवाणांचा क्रम अखेर खरा ठरला : संपत्ती आली, आणि मागाहून लोक सत्ता मागावयास आले. फक्त ते दान मागत नव्हते. म्हैसुरात लोकनियुक्त मंत्रिमंडळ १९४७ च्या ऑक्टोबरात, देश स्वतंत्र झाल्यावर, चळवळ करून मिळवावे लागले.

विश्वेश्वरय्यांना १९५५ साली भारतरत्न हा किताब मिळाला. १९६० मध्ये त्यांची शताब्दी त्यांच्या डोळ्यांदेखत साजरी झाली आणि एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे ते निवर्तले. मुद्देनहळ्ळीस त्यांची समाधी आहे. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. साबणाचा कारखाना चालू आहे. कर्नाटक सरकारने २००१ मध्येच वनकायदा दुरुस्त केला आणि चंदनाचे झाड ज्याच्या जमिनीत उभे असेल त्याच्या मालकीचे झाले. लाकूड मात्र त्यानंतरही बरीच वर्षे त्याला सरकारी संस्थांनाच विकावे लागे.